सात रस्त्याची वाचनयादी : सोलापुरातील पदव्युत्तर इंग्रजीची वाटचाल

सोलापुरात ‘सात रस्ता’ एवढे म्हटले की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. एक रस्ता रंगभवनकडून येतो, एक विजापूर रोडकडे निघतो, एक रेल्वे लाइन्सकडे वळतो. याच परिसरात संगमेश्वर महाविद्यालय आहे. तास सुटला की फाटकाशी मुलामुलींचे घोळके उभे राहतात आणि त्यांच्या बोलण्यातून सगळा जिल्हा ऐकू येतो. पूर्व भागातल्या विणकरांची मुले आपसांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून एसटीने येणाऱ्या कितीतरी मुलांची घरची भाषा कन्नड असते. कुणाच्या घरी उर्दू चालते. बार्शी, मोहोळ, पंढरपूरकडची मुले मराठीत गप्पा मारतात. इंग्रजीच्या वर्गात शिरताना मात्र सगळ्यांच्या हाती एकच पुस्तक असते, आणि त्या पुस्तकाची भाषा बहुतेकांसाठी तिसरी किंवा चौथी असते.

एम.ए.ला इंग्रजी घेणाऱ्या या मुलांनी काय वाचावे हे कोणी, कधी आणि कुठे बसून ठरवले, त्याची ही वाटचाल आहे. १९४० पासून आजपर्यंत सोलापूरच्या महाविद्यालयांनी चार विद्यापीठे पाहिली. आधी मुंबई, मग पुणे, मग कोल्हापूर आणि अखेर स्वतःचे सोलापूर. दर टप्प्याला परीक्षा घेणारे कार्यालय जवळ येत गेले. वाचनयादी मात्र दर टप्प्याला लांब जात राहिली. लंडन आणि ऑक्सफर्डपाशी थांबणारी ती यादी पुढे लागोस, नैरोबी, त्रिनिदाद, सेंट लुशिया असा प्रवास करू लागली. या दोन गोष्टी योगायोगाने घडल्या असे मला वाटत नाही. आपण कुठे उभे आहोत हे शिकवणाऱ्यांना जसजसे उमगत गेले, तसतसे त्यांना आपल्यासारखेच उभे असलेले इतर लोक दिसू लागले.

मुंबईच्या परीक्षेचा काळ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडणारा मेकॉलेचा खलिता त्याच्या बावीस वर्षे आधीचा, १८३५ चा. इंग्रजी साहित्य हा विषय विलायतेतून पूर्ण घडून आपल्याकडे आला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र शाखा १८९४ मध्ये सुरू झाली आणि केंब्रिजमध्ये इंग्रजीची ट्रायपॉस परीक्षा १९१७ मध्ये. वसाहतीतल्या शाळा-कॉलेजांत हा विषय त्याआधीच रुळला होता. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मधल्या आपल्या ग्रंथात याची कारणे तपशीलवार मांडली आहेत. राज्य चालवणाऱ्यांना प्रजेच्या मनावर वजन ठेवायचे होते, आणि साहित्य हे त्याचे सौम्य साधन होते.

मराठी माणसाने मात्र त्या साधनाचा स्वतःसाठी उपयोग करून घेतला. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ उभा केला. पुढच्या काळात विंदा करंदीकरांसारख्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि ‘राजा लिअर’ मराठीत आणले. विलायती अभ्यासक्रमातून आलेले धन मराठीच्या पेटीत जमा करण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. आजच्या वर्गालाही ती माहीत असायला हवी.

सोलापुरात त्या काळी कॉलेजच नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने ट्रंक उचलून पुणे, सांगली किंवा कोल्हापूर गाठायचे. हे गिरण्यांचे गाव होते. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, १८७७ पासून चालू होती. १९३० च्या मे महिन्यात, सत्याग्रहाच्या लाटेत, या गावाने लष्करी कायदा सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी त्याच लढ्यातल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर दहा वर्षे होतात न होतात तोच, १९४० मध्ये, याच गावात दयानंद अँग्लो-वैदिक कॉलेज उघडले. राज्यकर्त्याशी झुंजलेल्या गावाने राज्यकर्त्याची भाषा शिकायची ठरवली. त्या पिढीला यात विसंगती वाटली नाही, कारण ज्ञान कुणाच्या मालकीचे नसते हे तिला ठाऊक होते.

पुण्याचे छत्र आणि सात रस्त्यावरचे कॉलेज

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि सोलापूरची परीक्षा मुंबईहून पुण्याकडे आली. चारच वर्षांनी, १९५३ मध्ये, संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाले. त्यामागे अप्पासाहेब काडादी यांची दृष्टी होती. सहकारी साखर कारखानदारीत आणि राजकारणात वावरलेला हा माणूस. १९६२ च्या निवडणुकीत सोलापूरने त्यांना लोकसभेवर पाठवले. ऊस, सहकार आणि शिक्षण या तीन गोष्टी त्या काळच्या पश्चिम महाराष्ट्रात हातात हात घालून चालत होत्या, आणि सोलापूर त्याला अपवाद नव्हते. शेतकऱ्याच्या आणि गिरणी कामगाराच्या मुलाला शिकण्यासाठी गाव सोडावे लागू नये, ही त्या पिढीची साधी मागणी होती.

त्या वेळी इंग्रजीचे विद्यार्थी जे वाचत ते चॉसरपासून टी. एस. एलियटपर्यंतच्या एका सरळ ओळीत बसणारे होते. ती ओळ कमी मोलाची होती असे कुणी म्हणू नये. शेक्सपिअर समजून घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे कुठलेही नाटक परके राहत नाही. पण त्या ओळीत वाचणाऱ्याला स्वतःची जागा सापडत नव्हती. डॅफोडिलची फुले न पाहिलेल्या मुलाने त्यांच्यावर उत्तर लिहायचे, आणि घरामागच्या बाभळीवर कुणी इंग्रजीत लिहिले असेल अशी शंकाही मनात येऊ द्यायची नाही, असा तो अभ्यास होता.

१९६२

या वाटचालीत एका वर्षापाशी थांबायलाच हवे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि सोलापूरची महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. त्याच वर्षी के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांचा भारतीय इंग्रजी लेखनावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ १९५९ मध्ये लीड्स विद्यापीठात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांत होते. हे अय्यंगार आंध्र विद्यापीठात जाण्याआधी बेळगावच्या लिंगराज कॉलेजात शिकवत होते. म्हणजे भारतीय इंग्रजी साहित्याचा पहिला मोठा अभ्यासक आपल्याच सीमाभागातल्या वर्गात घडला.

त्याच १९६२ च्या जून महिन्यात युगांडातल्या कंपाला येथे मकेरेरे विद्यापीठात इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. चिनुआ अचेबे, वोले सोयिंका, आणि त्या वेळी विद्यार्थी असलेले न्गुगी, हे सगळे तिथे होते. आफ्रिकी साहित्य कशाला म्हणायचे, ते इंग्रजीत लिहिले तर आफ्रिकेचे राहते का, असे प्रश्न तिथे निघाले. त्याच वर्षी लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने आफ्रिकी लेखकांची मालिका सुरू केली आणि तिचे पहिले पुस्तक म्हणून अचेबेंची १९५८ मधली ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ स्वस्त आवृत्तीत आणली. जगभरच्या गरीब कॉलेजांच्या ग्रंथालयांना परवडेल असे हे पुस्तक होते.

कोल्हापूर, बेळगावात घडलेला एक प्राध्यापक, कंपाला, लंडन. कुणी ठरवून या गोष्टी एका वर्षात आणल्या नव्हत्या. साम्राज्य आवरते घेत होते आणि त्याच्या मागे राहिलेली माणसे आपापल्या जागी एकच प्रश्न विचारू लागली होती. ही भाषा आपल्याकडे राहणारच असेल, तर तिच्यात आपण काय सांगायचे?

बदलत गेलेले नाव

त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत या अभ्यासाचे नाव पुन्हा पुन्हा बदलले. १९६४ मध्ये लीड्सला राष्ट्रकुल साहित्याची पहिली मोठी परिषद झाली आणि ‘राष्ट्रकुल साहित्य’ हे नाव रुळले. भारतात सी. डी. नरसिंहय्या यांनी म्हैसूरला हा विषय वर्गात आणला. नंतर ‘राष्ट्रकुल’ या शब्दातली जुनी राणी अभ्यासकांना नकोशी झाली, तेव्हा ‘नवी इंग्रजी साहित्ये’ हे नाव आले. १९८९ मध्ये ॲशक्रॉफ्ट, ग्रिफिथ्स आणि टिफिन या तिघांचा ग्रंथ आला आणि ‘उत्तरवसाहतवादी साहित्य’ हे नाव सर्वत्र पसरले. आता ‘इंग्रजीतील जागतिक साहित्ये’ असे म्हणतात. ‘साहित्ये’ हे अनेकवचन महत्त्वाचे आहे. इंग्रजी एक असेल, पण तिच्यात राहणारी घरे अनेक आहेत, हे त्या अनेकवचनाने मान्य केले.

सोलापूरचे भूगोलातले स्थान या बदलाला उपकारक होते. मुंबईहून हैदराबादला जाणारी रेल्वे सोलापूरवरून जाते, एका रात्रीचा प्रवास. हैदराबादेत १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली होती, आणि १९६४ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन साहित्याचे मोठे ग्रंथालय असलेले संशोधन केंद्र उघडले. आपल्या कॉलेजात न मिळणारी पुस्तके दक्षिण महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना अशा ठिकाणी मिळू लागली. धारवाडला एम. के. नाईक होते. त्यांचा भारतीय इंग्रजी साहित्याचा इतिहास साहित्य अकादमीने १९८२ मध्ये काढला आणि आजही एम.ए.चा विद्यार्थी त्यापासून सुरुवात करतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात शांतिनाथ देसाई शिकवत होते. ते वर्गात इंग्रजी शिकवत आणि कादंबऱ्या कन्नडमध्ये लिहीत. त्यांच्या ‘ओम् णमो’ला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गणेश देवी कोल्हापुरात शिकले, लीड्सला गेले, आणि परत येऊन त्यांनी आपल्या भाषांच्या स्मृतिभ्रंशावर ‘आफ्टर अॅम्नेशिया’ हा ग्रंथ लिहिला. १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुढे भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचे काम त्यांनी उभे केले. इंग्रजीच्या अभ्यासातून निघालेला माणूस आदिवासींच्या बोलींपर्यंत पोचला, याला मी या विषयाचे मोठे यश मानतो.

कापूस आणि ऊस

सोलापूरच्या मुलांना ही साहित्ये जवळची वाटण्याची कारणे पुस्तकांबाहेरही आहेत. त्यातली दोन शेतात उगवतात.

पहिले कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपले, गुलामी कायद्याने गेली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. मराठी माणसाने अमेरिकेतल्या काळ्या माणसाशी जोडलेले हे नाते दीडशे वर्षांचे आहे. मराठवाड्यात जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत लिहिले आणि त्याच काळात दलित साहित्याची चळवळ जोर धरत होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. म्हणून टोनी मॉरिसनची कादंबरी सोलापूरच्या वर्गात येते तेव्हा तिच्यासाठी पार्श्वभूमी नव्याने तयार करावी लागत नाही. ज्या गावाचे पोट शंभर वर्षे सुतावर चालले, त्या गावाला कापूस वेचणाऱ्या हातांची गोष्ट समजते.

दुसरे ऊस. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, घेऊन त्रिनिदादला लागले. गुलामी उठल्यावर ओस पडत चाललेल्या उसाच्या मळ्यांत त्यांना जुंपायचे होते. त्याआधी १८३४ पासून मॉरिशसकडे अशीच जहाजे जात होती आणि त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. मॉरिशसचा मराठी समाज तो हाच. त्रिनिदादच्या गिरमिटियांच्या नातवंडांत व्ही. एस. नायपॉल जन्मले. १९६१ मधल्या त्यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’मध्ये एक माणूस आयुष्यभर स्वतःच्या छपरासाठी झगडतो. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात वाढलेल्या, ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्याकडेची पाले पाहिलेल्या मुलाला, किंवा विडी कामगारांच्या घरकुलात आईच्या नावाने घर मिळाल्याचा आनंद आठवणाऱ्या मुलीला, या कादंबरीतले घर का इतके महत्त्वाचे आहे हे टिपणे न वाचता कळते.

आणि गाव. अचेबेंच्या कादंबरीतले वडीलधारे बोलताना म्हणीवर म्हण टाकतात. अभ्यासक त्यावर प्रबंध लिहितात. आपल्याकडे पारावर बसलेला आजोबा काही वेगळे करत नाही. राजा राव यांच्या १९३८ मधल्या ‘कांतापुरा’त एक म्हातारी गावच्या सत्याग्रहाची कथा स्थलपुराणासारखी सांगत जाते. तिची इंग्रजी वाक्ये लांबत जातात, ‘आणि’ने जोडली जातात, आणि आत कन्नडची लय वाजत राहते. इंग्लंडच्या व्याकरणाने ती वाक्ये सैल ठरतील. अक्कलकोटकडच्या मुलाने ती मोठ्याने वाचली की त्याला आपली आज्जी ऐकू येते. शिवाय ती कथा ज्या सत्याग्रहाची, त्याच सत्याग्रहाच्या लाटेत सोलापूरने लष्करी कायदा पाहिला. वर्गात एवढे सांगितले की पुस्तक परीक्षेपुरते राहत नाही.

दोन भाषांत उभे राहिलेले लोक

या साहित्यांनी आपल्यापुढे ठेवलेला सर्वांत अवघड प्रश्न भाषेचा आहे. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात न्गुगी, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग या तिघांनी इंग्रजी विभागच बंद करावा, असे टिपण सादर केले. त्यांचा मुद्दा साधा होता. केनियातल्या विद्यापीठात केंद्रस्थानी आफ्रिकेचे साहित्य असावे, तिच्या मौखिक परंपरा असाव्यात, आणि इंग्लंड त्याच्या जागी, जगातल्या अनेक देशांतला एक म्हणून असावे. पुढे न्गुगींना तुरुंगात टाकले, आणि तिथे त्यांनी गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली ती शौचालयाच्या कागदावर. १९८६ च्या ‘डीकॉलोनायझिंग द माइंड’मध्ये त्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

मराठीत हा प्रश्न जगलेली माणसे कमी नाहीत. भालचंद्र नेमाडे यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, लंडनलाही शिकवून आले, आणि कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. १९८० च्या दशकात त्यांनी देशीवाद मांडला. इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. विलास सारंग इराकमधल्या बसऱ्याला शिकवून आले, मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख झाले, आणि दोन्ही भाषांत लिहीत राहिले. कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांनी ‘जेजुरी’ इंग्रजीत लिहिली. १९७६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि १९७७ चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक तिला मिळाले. सोलापूरच्या मुलाला खंडोबा पाहायला जेजुरीला जावे लागत नाही, तो सोलापुरातल्याच बाळे इथल्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळून आलेला असतो. त्याच्या देवाविषयीची कविता जगभरच्या वर्गांत इंग्रजी साहित्य म्हणून शिकवली जाते, हे कळल्यावर त्याला जो प्रश्न पडतो, तोच न्गुगींचा प्रश्न आहे आणि तोच नेमाड्यांचा.

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, आणि वर्गाने ते द्यायचेही नसते. वर्गाने प्रश्न विद्यार्थ्याच्या हातात नीट ठेवायचा असतो.

आपले विद्यापीठ आणि हन्नूरचे पुस्तक

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र केगावला होते, तिथेच ते उभे राहिले. एकाच जिल्ह्यासाठी असलेले हे महाराष्ट्रातले वेगळे विद्यापीठ. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. आता अभ्यास मंडळाची बैठक गावातच होऊ लागली. पुढे संगमेश्वरसारखी महाविद्यालये स्वायत्त झाली आणि वाचनयादी ठरवण्याचा काही अधिकार थेट सात रस्त्यावर आला. मुंबईपासून सुरू झालेला परीक्षेचा प्रवास शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलापर्यंत येऊन पोचला.

त्याच सुमारास वाचनयादीही एक फेरी पूर्ण करून घराकडे वळत होती. शरणकुमार लिंबाळे यांचे जन्मगाव हन्नूर, तालुका अक्कलकोट. त्यांचे आत्मकथन ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये आले. २००३ मध्ये ते इंग्रजीत गेले. त्यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’चे इंग्रजी रूप २००४ मध्ये आले, म्हणजे सोलापूर विद्यापीठाच्या जन्मवर्षात. या पुस्तकात दलित साहित्याची तुलना आफ्रिकी-अमेरिकी साहित्याशी केली आहे. लिंबाळे यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ही इंग्रजीत पोचला आहे. परदेशातल्या विद्यापीठांत ही पुस्तके मॉरिसन आणि अचेबेंच्या शेजारी वाचली जातात.

सोलापूरच्या विद्यार्थ्याने आपल्या शेजारच्या तालुक्याचे पुस्तक इंग्रजीतून वाचावे हे सुरुवातीला विचित्र वाटते. पण त्यात फार मोठे शिक्षण आहे. मूळ मराठी शेजारी ठेवून वाचायला सांगितले की मुले स्वतःहून विचारतात : या शिवीचे इंग्रजीत काय झाले, या भाकरीचा ब्रेड का केला, ‘अक्करमाशी’ या एका शब्दात जेवढे दुःख आहे तेवढे इंग्रजी शीर्षकात मावले का? हे प्रश्न विचारणारा विद्यार्थी अनुवादाचा सिद्धांत न शिकताच अनुवादाच्या मुळाशी पोचलेला असतो.

आजची स्थिती

एवढी लांबची वाट चालून आलेल्या या अभ्यासापुढे अडचणी आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुष्कळ ठिकाणी पदे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर वर्ग चालतात. त्यांच्या मानधनात घर चालत नाही, मग त्यांनी पुस्तके कुठून घ्यावीत? विद्यार्थी नेट-सेटच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांमागे धावतात आणि कादंबरीऐवजी तिचा सारांश वाचतात. गाईडचे पान पाठ केले की मार्क मिळतात, हे त्यांना आमच्याच पिढीने शिकवले. कमावण्यासाठी पुण्याला जाण्याची घाई प्रत्येक घरात आहे आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

तरीही हा वर्ग सोलापुरात टिकला पाहिजे, आणि त्याचे कारण मी स्पष्ट सांगतो. या गावाइतकी अनुवादासाठी तयार जमीन महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा पाच भाषा ज्यांत एका बाकावर बसू शकतात, असे वर्ग मोठ्या शहरांतल्या नामांकित विभागांनाही मिळत नाहीत. या गावचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले सिद्धराम, स्वतः कन्नड वचनकार होते. वचनसाहित्य जगाला माहीत झाले ते ए. के. रामानुजन यांच्या १९७३ मधल्या इंग्रजी अनुवादांमुळे, आणि रामानुजन अमेरिकेला जाण्याआधी बेळगावला शिकवत होते, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहिले होते. त्यांच्या त्या निवडीत बसवण्णा, देवर दासिमय्या, अक्कमहादेवी आणि अल्लमप्रभू आहेत. सोलापूरच्या सिद्धरामांची वचने तिच्यात नाहीत. मराठीतही अनुवादाला घेण्याजोगे लेखन घरचेच आहे. अक्कलकोटला जन्मलेले आणि सोलापुरात राहिलेले त्र्यं. वि. सरदेशमुख यांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पूर्व भागातल्या मागावरच्या बायकांची तेलुगू गाणी त्यांच्या नातींच्या ओठांवर आज आहेत, उद्या असतील याची खात्री नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.च्या विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प सक्तीचा केला आहे. माझी सर्व विभागप्रमुखांना, अभ्यास मंडळाच्या सदस्यांना आणि मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे. शेकडो वेळा लिहून झालेल्या विषयांवर आणखी एक प्रकल्प लिहून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या घरच्या भाषेतली वीस पाने द्या आणि ती इंग्रजीत आणायला सांगा. सोबत दहा पानांचे टिपण असू द्या : काय आले, काय राहिले, का राहिले. घरी कन्नड बोलणाऱ्याने सिद्धरामांची वचने घ्यावीत, घरी तेलुगू बोलणारीने आजीची गाणी लिहून आणावीत, मराठी मुलाने सरदेशमुखांचे एक प्रकरण घ्यावे. प्रकल्प तपासून झाल्यावर त्याची एक प्रत ग्रंथालयात, सर्वांना वाचता येईल अशी ठेवा.

वर्षाला वीस विद्यार्थी धरले तरी दहा वर्षांत सोलापूरची चार हजार पाने इंग्रजीत येतील. हे काम येत्या जूनपासून सुरू करता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.